दोन वर्षांची पदवी, बारा वर्षांची झडप

एम.डी. भूलशास्त्राच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न हटकून येतो. परीक्षक टेबलावर दोन कॅन्युला ठेवतात, एक गुलाबी, एक करडी, आणि विचारतात : बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झालाय, भराभर सलाइन आणि रक्त द्यायचंय, यातली कुठली लावशील? करडी, हे उत्तर वॉर्डातली नवखी सिस्टरही देईल. खरा प्रश्न त्याच्या पुढचा असतो : का? इथं उमेदवाराला नळीतल्या प्रवाहाचा नियम आठवावा लागतो. दाब तोच, लांबी तीच, पण नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्शावर येतो. डॉक्टरांच्या पुस्तकात या नियमाला पॉयझुलीचा नियम म्हणतात. (फ्रेंच माणूस ‘प्वाझेय’ म्हणेल, पण आपल्या वॉर्डांत पॉयझुलीच चालतो.)

हाच नियम मेकॅनिकलच्या एम.टेक.ला, थर्मल-फ्लुइड्सच्या वर्गात पहिल्या पंधरवड्यात येतो. तिथं त्याचं नाव ‘हेगन–पॉयझुली’ असतं. हेगन हा जर्मन जलअभियंता. त्यानं १८३९ मध्ये पितळी नळ्यांतून पाणी सोडून मोजमापं छापली. पॉयझुली पॅरिसचा डॉक्टर. केशवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं हे कळावं म्हणून त्यानं बारीक काचनळ्यांवर प्रयोग केले आणि १८४० पासून ते प्रसिद्ध केले. एकाला दुसऱ्याची खबर नव्हती, निष्कर्ष मात्र एकच. पुढं डॉक्टरांनी अभियंत्याचं नाव गाळलं. अभियंत्यांनी दोन्ही ठेवली, पण त्यातला एक डॉक्टर होता हे वर्गात सांगायचं विसरले. मीही विसरलो होतो. मेकॅनिकलच्या पदव्युत्तर वर्गांना सॉलिड मेकॅनिक्स शिकवण्यात माझी हयात गेली, आणि हा तपशील मला निवृत्तीच्या तोंडावर एका भूलतज्ज्ञ मित्रानं सांगितला.

अशी उदाहरणं वेचायला लागलं की संपत नाहीत. ज्याच्या नावाचा ‘यंग्ज मॉड्युलस’ दुसऱ्या वर्षापासून आमच्या मुलांच्या मानेवर बसतो, तो थॉमस यंग लंडनमधला वैद्य. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडणाऱ्यांतला रॉबर्ट मायर जहाजावरचा डॉक्टर. १८४० मध्ये जावा बेटावर खलाशांच्या शिरा कापताना त्याला दिसलं की उष्ण प्रदेशात शिरेतलं रक्त नेहमीपेक्षा जास्त लाल आहे. शरीराला ऊब टिकवायला इथं कमी जाळावं लागतं, असा तर्क करत तो उष्णता आणि काम यांच्या नात्यापाशी पोचला. १८४७ मध्ये तोच नियम नीट गणिती रूपात मांडणारा हेल्महोल्ट्झ, तोही लष्करातला डॉक्टर. म्हणजे थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्या प्रकरणाचा निम्मा पाया वैद्यांनी घातला आहे. आज त्यातला एकही विषय वैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात त्याच्या नावानं नाही.

ही फारकत इमारतींतही दिसते. पुण्यात संगम पुलाच्या एका बाजूला अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणजे सीओईपी, दुसऱ्या बाजूला ससून रुग्णालय आणि त्याला लागून बी. जे. मेडिकल. सीओईपीची सुरुवात १८५४ ची, तेव्हाचं नाव ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’. बी. जे.ची वैद्यकीय शाळा १८७८ ची, तिचं महाविद्यालय झालं १९४६ मध्ये. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं तेव्हा दोन्ही त्याच्या छत्राखाली आली. पुढची पन्नासेक वर्षं दोन्हीकडच्या पदवीपत्रांवर एकाच कुलगुरूंची सही असे. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि राज्यातली वैद्यकीय महाविद्यालयं तिकडं गेली. २०२२ मध्ये सीओईपी स्वतःच तंत्रशास्त्र विद्यापीठ झाली. प्रत्येक निर्णयामागं आपापली कारणं होती आणि ती खोटी नव्हती. पण आज पुलाच्या अलीकडच्या मुलानं पलीकडं जाऊन एखादा विषय शिकायचा म्हटलं, तर दोन विद्यापीठांचे दोन अध्यादेश आडवे येतात. रिक्षानं दहा मिनिटं लागतात.

खरं तर ताटातूट त्याच्याही आधी, अकरावीच्या प्रवेशाच्या खिडकीवर होते. ‘बायो सोडलं’ आणि ‘मॅथ्स सोडलं’ ही दोन वाक्यं मराठी घरांत सोयरिकीसारखी बोलली जातात. सोळाव्या वर्षी सोडलेलं पुन्हा कुणी धरत नाही. त्यानंतरच्या सगळ्या चाळण्या त्याच रेषेवर पडतात. वैद्यकाच्या नीट-पीजीत २०० प्रश्न, ८०० गुण, साडेतीन तास. अभियांत्रिकीच्या गेटमध्ये ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास. एका चाळणीतून आलेल्याला दुसरीतलं अवाक्षर यावं लागत नाही. गेटनं २०२० पासून बायोमेडिकलची वेगळी प्रश्नपत्रिका सुरू केली ही चांगली गोष्ट, पण ती बायोमेडिकलच्याच मुलांसाठी. मेकॅनिकलचा मुलगा मेकॅनिकलचीच देतो.

आता पदव्या काय आहेत ते पाहू. दोन्हींना आपण ‘पदव्युत्तर’ म्हणतो, त्यामुळं त्या एका जातीच्या असाव्यात असं वाटतं. तसं नाही.

एम.डी. किंवा एम.एस. तीन वर्षांची. हा तीन वर्षांचा विद्यार्थी खरं म्हणजे त्या रुग्णालयाचा कणा असतो. पहिल्या वर्षी रक्ताचे नमुने, रिपोर्टांमागं धावपळ, राउंडला सगळ्या पेशंटचे आकडे तोंडपाठ. दुसऱ्या वर्षी हाताला काम मिळतं. तिसऱ्या वर्षी खालच्यांना शिकवायचं आणि वरच्यांच्या शिव्या झेलायच्या. मुंबईतले जुने डॉक्टर अजूनही हाऊसमन आणि रजिस्ट्रार हेच शब्द वापरतात. निवासी डॉक्टर संपावर गेले की ओपीडीची रांग गेटाबाहेर येते, यातच कुणावाचून कुणाचं अडतं ते कळतं. शेवटी लेखी चार पेपर, प्रत्यक्ष रुग्ण, तोंडी परीक्षा. मधल्या काळात एक प्रबंध, ज्याला सगळे ‘थीसिस’ म्हणतात आणि जो रात्रपाळीत लिहिला जातो. पदवी मिळाली की दारावर पाटी लागते. पदवी आणि उपजीविका यांच्यात फट नाही.

एम.टेक. दोन वर्षांची. पहिल्या वर्षी विषय, दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट : स्टेज वन, स्टेज टू, शेवटी व्हायवा. गेटमधून आलेल्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन, त्याबदल्यात पदवीच्या मुलांची प्रात्यक्षिकं घ्यायची आणि पेपर तपासायचे. निवासी डॉक्टरच्या विद्यावेतनाशी याची तुलनाच नको. पण दुखणं पैशाचं नाही. या मुलावाचून कुणाचंच अडत नाही, हे खरं दुखणं. कारखान्याला बी.ई. चालतो. एम.टेक. झालेल्याला दोन-चार हजार जास्त देण्यापेक्षा दोन वर्षं आधी आलेला बी.ई. त्यांना परवडतो. सरकारी तेल आणि वीज कंपन्या गेटच्या गुणांवर थेट भरती करू लागल्यापासून चांगल्या संस्थांतूनही मुलं पहिल्या वर्षाच्या मध्यावर बॅग भरून जातात. मागं उरलेल्या मुलाकडं गाईडनं कसं पाहावं? वर्गात मी ते अवघडलेपण अनेक वर्षं पाहिलं आहे. खासगी महाविद्यालयांतल्या एम.ई.च्या वर्गांत तर बाक जास्त, मुलं कमी.

वैद्यकाकडंही ओस पडलेल्या जागा आहेत, फक्त त्या वेगळ्या कोपऱ्यात. क्ष-किरणशास्त्र, त्वचारोग, मेडिसिन यांच्यासाठी झुंबड आणि शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन यांच्या जागा रिकाम्या. २०२३ मध्ये नीट-पीजीची पात्रता रेषा शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणली गेली, त्यामागं जागा वाया जाऊ नयेत हेच कारण होतं. आता गंमत पाहा. मेकॅनिकलच्या माणसाला संशोधनासाठी भागीदार शोधायचा तर तो याच विभागांत सापडायचा. सांध्यातलं बल, धमनीची लवचीकता, स्नायूचं आकुंचन हे शरीरक्रियाशास्त्राचे प्रश्न. तिथं माणूस नाही. आणि इकडं ज्या डिझाइनच्या वर्गातून मुलगा जायचा, तिथं तो कंपनीच्या मुलाखतीला गेलेला.

एकमेकांच्या अभ्यासक्रमात दुसऱ्याचं काय शिकवलं जातं? भूलशास्त्र हा वैद्यकातला सगळ्यात ‘मेकॅनिकल’ विषय. त्यांच्या मुलांना वायूचे नियम, दाबनियंत्रक झडपा, रोटामीटर, बाष्पक यंत्र, सिलिंडरच्या पिनांची रचना हे सगळं येतं, कधी कधी आमच्या मुलांपेक्षा बरं. अस्थिरोगवाल्यांना पट्ट्या-स्क्रूंचं थोडं बलशास्त्र असतं. बाकी आनंद. आमच्याकडं ‘बायोमेकॅनिक्स’ हा ऐच्छिक विषय असतो आणि त्याचा आधार बहुधा य. च. फुंग यांची पुस्तकं. ते विमानांच्या पंखांवर काम करणारे अभियंते, १९६६ नंतर रक्तवाहिन्यांकडं वळले. विषय सुंदर आहे. पण शिकवणाऱ्यानं उघडं हृदय पाहिलेलं नसतं आणि शिकणाऱ्यानं रुग्णालयाचं पार्किंगदेखील.

त्यातून जो प्रबंध निघतो त्याचा नमुना ठरलेला. जर्नलमधून धमनीचा आकार घ्यायचा, संगणकात स्टेंट बसवायचा, जाळी विणायची, लाल-निळ्या रंगांची चित्रं काढायची. निष्कर्ष : कोपऱ्यांवर ताण जास्त येतो. मी असे प्रबंध तपासले आहेत, सहीही केली आहे. ते चुकीचे नव्हते. फक्त कुणी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

विचारलेला प्रश्न कसा असतो ते मला एका तुटलेल्या पट्टीनं शिकवलं. ओळखीच्या एका अस्थिशल्यचिकित्सकानं फोन केला. मांडीच्या हाडाला लावलेली पोलादी पट्टी चार महिन्यांत तुटली होती. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये काढून, ऑटोक्लेव्ह करून त्यानं ती पाठवली. त्याचं म्हणणं, पेशंटनं सांगितलेलं ऐकलं नाही, लवकर पाय टेकला. मी पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तुटलेल्या पृष्ठभागावर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा बारीक वळ्या होत्या, एका बिंदूभोवती पसरत गेलेल्या. एका झटक्यात तुटलेल्या धातूवर अशा खुणा नसतात. ही हळूहळू तुटली होती, आम्ही ज्याला धातूचा थकवा म्हणतो त्यानं. आणि चिरेची सुरुवात होती एका रिकाम्या भोकाच्या कडेला, अगदी हाड मोडलं होतं त्याच्यासमोर. त्या भोकात स्क्रू बसवलेला नव्हता.

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं : माणूस रोज पाच हजार पावलं चालला तर एका पायावर अडीच हजार, चार महिन्यांत तीन लाख. तुझी पट्टी तीन लाख वेळा वाकली. भोकापाशी धातू कमी, तिथं ताण दुप्पट-तिप्पट. तुटणारच. तो शांतपणे म्हणाला, “सर, हाड जुळलं असतं तर ती वाकलीच नसती. पट्टी तुटली म्हणून हाड जुळलं नाही असं नव्हे, हाड जुळलं नाही म्हणून पट्टी तुटली. आमच्यात याला शर्यत म्हणतात, हाड आधी जुळतं की पट्टी आधी तुटते.” मग समोर स्क्रू का नव्हता? मोडलेल्या जागेत स्क्रू घुसवला तर तुकडे हलतात, रक्तपुरवठा जातो, म्हणून ते भोक मुद्दाम रिकामं ठेवतात. मला चूक वाटली ती त्याची निवड होती. मग आम्ही दोघं तासभर बोललो, पट्टी जाड केली तर काय, लांब केली आणि मोडलेल्या जागेपासून दूरचे स्क्रू लावले तर काय. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीतला तो सगळ्यात प्रगत वर्ग. त्याला क्रेडिट नव्हतं.

अशी गाठ मुद्दाम घालून देण्याचे प्रयत्न आपल्या देशात झालेत, आणि लोक समजतात त्याच्या पुष्कळ आधीपासून. दिल्लीत आयआयटी आणि एम्स यांचं संयुक्त जैववैद्यक अभियांत्रिकी केंद्र १९७१ चं, म्हणजे ज्याचा सगळीकडं दाखला देतात त्या हार्वर्ड–एमआयटीच्या संयुक्त कार्यक्रमाहून फक्त एका वर्षानं धाकटं. मुंबईच्या आयआयटीत बायोमेडिकलचं स्कूल १९८८ मध्ये निघालं. खरगपूर आयआयटीनं २००१ मध्ये एक धाडस केलं : एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरांना घेऊन तीन वर्षांची वैद्यकीय विज्ञान-तंत्रज्ञानाची पदव्युत्तर पदवी. बारावीनंतर गणिताचं तोंड न पाहिलेला डॉक्टर तिथं पुन्हा कॅल्क्युलस गिरवतो, सिग्नल प्रोसेसिंग शिकतो. चेन्नईच्या आयआयटीनं २०२३ मध्ये वैद्यकीय विज्ञान-तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभागच उघडला. त्याआधीपासून चेन्नई आयआयटी, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचा एम.टेक. चालवतात. त्यात विद्यार्थ्याला रुग्णालयात प्रत्यक्ष काम करावं लागतं. माझ्या मते या यादीतला सगळ्यात शहाणा अभ्यासक्रम तोच.

खरगपूरच्या पदवीबद्दल मला आदर आहे आणि शंकाही. ती एम.डी. नाही. तिच्या जोरावर डॉक्टरला अमुक रोगांचा तज्ज्ञ अशी पाटी लावता येत नाही. अभियंता म्हणूनही त्याला कुणी मोजत नाही. अठ्ठाविसाव्या-तिसाव्या वर्षी, वर्गमित्र दवाखाने थाटत असताना, यानं प्रयोगशाळेत बसायचं. घरचे विचारतात, “मग तू नक्की कोण?” यावर त्याच्याकडं वाक्य नसतं. अमेरिकेत हा पेच त्यांनी वेगळ्या रीतीनं सोडवला : इलिनॉयच्या कार्ल महाविद्यालयानं २०१८ पासून डॉक्टरकीच अभियांत्रिकीच्या अंगानं शिकवायला घेतली, टेक्सासमध्ये ह्यूस्टनला चार वर्षांत डॉक्टरकी आणि अभियांत्रिकीची मास्टर्स अशा दोन्ही पदव्या देतात. दोन्हीकडं हातात शेवटी परवान्याची पदवी असते. आपल्याकडं वैद्यकाची नियामक संस्था एक, तंत्रशिक्षणाची दुसरी, आणि मधल्या माणसाचं खातं कुठल्याच वहीत नाही.

पण अभ्यासक्रमांची गोळाबेरीज करताना एक गोष्ट मला सतत खटकत राहिली, ती म्हणजे घड्याळ. हृदय मिनिटाला ७२ ठोके देतं असं धरलं तर दिवसाला १ लाख ३ हजार ६८०, वर्षाला पावणेचार कोटींच्या वर. कृत्रिम यांत्रिक झडप टिकाऊ आहे हे दाखवायला आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणं ती ४० कोटी वेळा उघडमीट करून पाहावी लागते. यंत्रावर सेकंदाला १५ वेळा, दिवसरात्र, एकही दिवस न थांबता चालवली तरी दहा महिने लागतात. एम.टेक.च्या प्रोजेक्टला पूर्ण वर्षही मिळत नाही, त्यातले दोन महिने विषय ठरवण्यात आणि दोन टंकनात जातात. म्हणजे एका झडपेची एक चाचणी पदवीच्या मुदतीत मावत नाही. ती फसली तर पुढच्या झडपेचं काय?

श्री चित्रा संस्थेत ती फसली. एकदा नाही, तीनदा. हृदयशल्यचिकित्सक एम. एस. वलियथन अमेरिकेत शिकून आले आणि १९७४ मध्ये तिरुवनंतपुरमला रुजू झाले. संधिवाताच्या तापानं झडपा गेलेली तरुण मुलं रांगेत, आणि परदेशी झडप बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी झडप इथंच करायची ठरवली. जी. एस. भुवनेश्वर यांच्यासारखे अभियंते सोबत आले. झडप दिसायला साधी, एक धातूचं कडं आणि त्यात कलणारी तबकडी. पण तबकडी ज्या दांड्यावर टेकते तो तुटता कामा नये, तबकडी झिजता कामा नये, रक्त गोठता कामा नये. पहिली तीन प्रारूपं टाकून द्यावी लागली. कृत्रिम नीलमण्याची तबकडीही करून पाहिली, तीही टिकली नाही. चौथ्यांदा कडं कोबाल्ट-क्रोमच्या मिश्रधातूचं, हेन्स-२५ चं, आणि तबकडी अतिउच्च घनतेच्या नव्हे, अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिनची. (हा फरक एका वर्गात मीच चुकीचा शिकवला होता, म्हणून मुद्दाम लिहितो.) मेंढ्यांवरच्या चाचण्यांनंतर ६ डिसेंबर १९९० ला ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. तेव्हापासून एक लाखाहून जास्त बसल्या आहेत.

हे बारा वर्षांचं काम कुठल्याही विद्यार्थ्यानं केलं नाही, करू शकत नव्हता. ते पगारी, कायम नोकरीतल्या माणसांनी केलं, आणि त्यांचं वर्कशॉप नि प्राण्यांची शस्त्रक्रियागृहं रुग्णालयाच्याच संस्थेत होती. विद्यार्थी आले आणि गेले, एकेका तुकड्यावर काम करून. १९८० मध्ये संसदेनं या संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला. रुग्णालय आणि यंत्रनिर्मिती एका कायद्याखाली आणणारं असं दुसरं उदाहरण आपल्याकडं मला सापडलेलं नाही.

त्याच पॉलिथिनची आणखी एक कथा इंग्लंडमधली. रायटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली खुब्याचे कृत्रिम सांधे बसवत. सुरुवातीला त्यांनी वाटी टेफ्लॉनची केली. घर्षण कमी म्हणून निवडलेलं टेफ्लॉन दोन-तीन वर्षांत झिजलं, शेकडो रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. नंतर कापडगिरणीच्या गिअरसाठी म्हणून एका विक्रेत्यानं आणलेला प्लॅस्टिकचा तुकडा चार्नलींनी नापसंत केला. ते परगावी गेले असताना त्यांचा प्रयोगशाळेतला सहकारी हॅरी क्रेव्हन यानं तो झीज मोजायच्या यंत्रावर लावून ठेवला. परतल्यावर पाहिलं तर झीज नगण्य. नोव्हेंबर १९६२ पासून त्या प्लॅस्टिकची वाटी वापरात आली. चार्नली सर्जन, क्रेव्हन लेथवरचा कारागीर. जयपूर पायाची गोष्ट याच जातकुळीची : १९६८ मध्ये डॉ. प्रमोद सेठी आणि फारसं न शिकलेले कारागीर रामचंद्र शर्मा. रबर भाजलं गेलं ट्रकच्या टायरांच्या दुकानात. या दोन्ही गोष्टींत पदव्युत्तर अभियंता नाही. आम्हा मास्तरांनी यावर रागावण्यापेक्षा थोडं ओशाळलेलं बरं.

महाराष्ट्रात अलीकडं जे झालं ते मुंबई आयआयटीच्या ‘बेटिक’ या वैद्यकीय उपकरणांच्या केंद्रात. २०१४ मध्ये राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीनं हे केंद्र उभं राहिलं, पुढं पुण्याची सीओईपी आणि नागपूरची व्हीएनआयटी जोडली गेली. त्यामागचे प्रा. बी. रवी मेकॅनिकलचे, मूळचे ओतकामातले तज्ज्ञ. साचा, वितळलेला धातू, त्यात राहणारी हवेची भोकं, यात मुरलेला माणूस कृत्रिम सांध्यांकडं वळला यात नवल नाही, कारण सांधाही पुष्कळदा ओतूनच निघतो. डॉक्टरांनी अडचण सांगायची, मुलांनी वर्कशॉपमध्ये ती धसास लावायची, ही तिथली रीत. या कामात पदवीचं नाव दुय्यम, आणि माझ्या मते म्हणूनच ते चाललं.

रीत मोडली की काय होतं ते २०२० च्या एप्रिलमध्ये दिसलं. एमआयटीच्या मेकॅनिकल विभागात वैद्यकीय उपकरणांच्या डिझाइनचा एक प्रगत विषय आहे, क्रमांक २.७५. बोस्टनचे डॉक्टर वर्गात येऊन अडचणी मांडतात, मुलं एक निवडून सत्रभरात यंत्र करतात. त्यातून निघालेला, हातानं दाबायची श्वासपिशवी यंत्रानं दाबणारा स्वस्त व्हेंटिलेटर २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता. कोविडच्या साथीत त्यांनी तो पुन्हा काढला, माहिती खुली केली. मग जगभर आणि आपल्याकडंही प्रत्येक कॉलेजात तेच यंत्र. आमच्याकडंही मुलांनी गाडीच्या वायपरची मोटर लावून केलं, तीन दिवसांत. पेपरात फोटो आला. माझा भूलतज्ज्ञ मित्र बघायला आला, पाच मिनिटं नुसता उभा राहिला आणि विचारलं, “पेशंटनं मध्येच स्वतः श्वास घेतला तर?” यंत्र दाबत राहिलं. मुलांकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नव्हतं. फुप्फुसात किती दाब गेला, श्वास सोडल्यावर थोडा दाब आत राहायला हवा तो कसा ठेवणार, नळी निसटली तर घंटा कुठली, या प्रश्नांना तीन दिवस पुरत नाहीत. बोस्टनच्या मुलांसमोर हे प्रश्न पहिल्या आठवड्यात डॉक्टरनं ठेवलेले असतात. आमच्या मुलांसमोर ते शेवटी आले, एवढाच फरक.

हे शिकून नोकरी कुठं? आपल्याकडं वापरल्या जाणाऱ्या उपकरणांपैकी ७० ते ८० टक्के आयात होतात. २०२३ च्या राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरणात चालू संस्थांमधून बहुशाखीय अभ्यासक्रम काढायचं म्हटलं आहे, ठीक. पण रुग्णालयांत ‘बायोमेडिकलवाला’ म्हणजे बंद मशीन चालू करून देणारा, वार्षिक देखभालीच्या करारावर सह्या घेत फिरणारा माणूस. हुद्दा स्टोअरकीपरच्या बरोबरीचा. शल्यचिकित्सकाच्या शेजारी बसून ‘ही पट्टी का तुटली’ विचारायचा अधिकार त्याला नाही. वैद्यकाच्या निवासी विद्यार्थ्याला आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. तिथं कोपऱ्यात प्लॅस्टिक पांघरून उभी असलेली यंत्रं तो पाहतो. त्याच तीन महिन्यांत त्याच कोपऱ्यात एम.टेक.चा मुलगा का नको? नवा विभाग, नवी पदवी, नवं विद्यापीठ काहीच लागणार नाही, लागेल तो एक सरकारी आदेश आणि वसतिगृहात एक खाट. मोठ्या योजना मला आवडतात, पण आयुष्यात चाललेल्या पाहिल्यात त्या खाटेएवढ्याच.

त्या अस्थिशल्यचिकित्सकानं नंतर तुटलेल्या पट्ट्या आणि स्क्रू पाठवायचा शिरस्ताच ठेवला. माझ्या कपाटाचा एक खण त्यांनी भरलाय, प्रत्येकीला चिठ्ठी : हाड कुठलं, किती महिने, पेशंटचं वजन किती. निवृत्तीनंतरही मी एखाद्या एम.टेक.च्या मुलाला बोलावून त्या दाखवतो. बहुतेक रिकाम्या भोकापाशी तुटलेल्या, त्यामुळं मुलं चटकन ओळखतात आणि खूश होतात. परवा एक नवी आली. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली, वर बॉलपेननं लिहिलेलं : “भोकात स्क्रू होता. हाडही जुळलं होतं. मग?”